सहा चाळीसची आंघोळ

वायरकाकांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. बाकी सगळ्या इमारतीला ते वायरकाका. तळमजल्यावरच्या त्या थंडगार खोलीत, सर्व्हरच्या घरघरीत, भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसलेला माणूस पाहिला की नव्या लोकांना वाटायचं, यांना ताप आलाय. ताप वगैरे काही नाही हो. एकवीस वर्षं त्या खोलीत काढल्यावर माणसाची हाडंच स्वेटर मागायला लागतात.

इमारत अ‍ॅम्ब्युलन्सच्या कंट्रोलची. वरच्या मजल्यावर दहा खुर्च्या, दहा स्क्रीन, दहा फोन. कुणाच्या छातीत दुखलं, कुणी जिन्यावरून पडलं, की फोन इथे. फोन घेणारी पत्ता टाइप करते, ‘पाठवा’ दाबते, आणि जवळ असलेल्या गाडीच्या ड्रायव्हरसमोर तो पत्ता उमटतो. एवढंच काम. पण या ‘एवढंच’च्या पोटात वायरकाकांचा सगळा संसार होता. तळमजल्यावर चार वेब सर्व्हर, रस्त्यापलीकडच्या इमारतीत डेटाबेस, आणि दोघांच्या मधे नेटवर्क. पत्ता या सगळ्यांतून जाऊन नोंदला गेला तरच गाडी हलायची.

तरुणपणी ते टेलिफोन एक्स्चेंजमधे वायरमन होते. खांबावर सरसर चढायचे. एक्स्चेंज बंद पडलं तेव्हा छत्तीस वर्षांचे होते, पदरात एक मुलगी. मग गेले कॉम्प्युटरच्या वर्गाला. पहिल्या दिवशी ते आत शिरले तर सगळी पोरं उठून उभी राहिली, सर आले म्हणून. काका म्हणाले, "बसा बसा, मीही बसायलाच आलोय." शिकले मात्र जिद्दीने. इंग्रजी मॅन्युअलच्या प्रत्येक पानावर पेन्सिलीने मराठीत अर्थ लिहून ठेवणारा माणूस तो. माणूस चिवट, पण तितकाच चालढकल करणारा. एखादी गोष्ट आज चालतेय ना, मग तिचं मूळ उद्या शोधू, असा खाक्या. आणि उद्या काही लवकर उजाडत नसे.

आता सर्व्हर आणि डेटाबेस बोलतात कसे, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. काका ते आपल्या जुन्या धंद्यातून सांगायचे. "डेटाबेसशी बोलायचं तर आधी कनेक्शन लावावं लागतं, फोन लावल्यासारखं. तू कोण, मी कोण, पासवर्ड काय, सगळा नमस्कार-चमत्कार. त्यात वेळ जातो. इकडे कुणाचा जीव टांगणीला लागलेला, आणि आपण दर वेळी नमस्कार-चमत्कार करत बसायचं? म्हणून काम झालं तरी सर्व्हर फोन ठेवतच नाही. लाइन तशीच उघडी ठेवतो. पुढचा पत्ता आला की घातला त्याच लाइनवर."

इथवर सगळं छान. घोडं अडायचं ते दोन इमारतींच्या मधे. तिथे फायरवॉल, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यावर पहारा ठेवणारं यंत्र. त्याचा नियम असा, की एखाद्या लाइनवर तासभर कुणी चकार शब्द काढला नाही तर ती कापून टाकायची. बरं, कापताना इकडे सांगणार नाही, तिकडे सांगणार नाही. पलीकडचा माणूस केव्हाच उठून गेलाय आणि आपण रिसीव्हर कानाला लावून बसलोय, तशी सर्व्हरची गत. रात्री फोन मोजके, तेवढ्यांना पहिल्या चार-दोन लाइनी पुरतात. बाकीच्या पडून राहतात आणि पडल्यापडल्या मरतात. सकाळी सातच्या सुमाराला गर्दी सुरू झाली की सर्व्हर त्या मेलेल्या लाइनी उचलणार, त्यांच्यात पत्ता घालणार, आणि उत्तराची वाट बघत बसणार. एक-दोन नव्हे, पाच मिनिटं.

नऊ वर्षांपूर्वी हे काकांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी त्यावर आपला गावठी इलाज काढला. रोज सकाळी सहा चाळीसला चारही सर्व्हर एकामागून एक बंद करून परत चालू करायचे. जुन्या लाइनी गेल्या, नव्या आल्या, गर्दीच्या आधी सगळं ताजंतवानं. याला ते आंघोळ म्हणायचे. "आलोच, पोरांना आंघोळ घालून येतो." एकदा हे काम आपोआप व्हावं अशी सोय केली, तर दोन सर्व्हर एकदम बसले आणि तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून कानाला खडा. स्वतः समोर बसून, एकेकावर नजर ठेवून आंघोळ घालायची. रविवार नाही, सुट्टी नाही, पाहुणेरावळे नाहीत. मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा नवे कपडे घालून साडेसहाला हा माणूस सर्व्हरच्या खोलीत हजर. आणि हे कुठे लिहिलेलं? कुठेच नाही. लिहायचं म्हणजे दोष आहे हे कबूल करायचं, आणि दोष कबूल केला की तो दुरुस्त का करत नाही, असं कुणीतरी विचारणार.

खरी दुरुस्ती त्यांना ठाऊक होती. सर्व्हरलाच सांगायचं, बाबा रे, एखादी लाइन पन्नास मिनिटं रिकामी राहिली तर तूच ती सोडून दे. फायरवॉल तासाला कापते, त्याच्या आत आपण सोडली की मेलेली लाइन हातात येण्याचा प्रश्नच नाही. सेटिंगची एक ओळ! नऊ वर्षं ती एक ओळ काकांच्या मनात होती.

ती ओळ लिहिली गेली ती बायकोमुळे. निवृत्तीला सात महिने राहिले होते, आणि बायकोच्या बहिणीने चार दिवस राहायला बोलावलं होतं. बायको म्हणाली, "अहो, नऊ वर्षांत आपण एक रात्र कुठे बाहेर काढली नाही. माझ्या सवती तरी किती! चार-चार. आणि रोज न्हाऊमाखू घालताय त्यांना." काका हसले, पण बोलणं लागलं त्यांना. मंगळवारी दुपारी त्यांनी चारही सर्व्हरवर ती ओळ लिहिली. पन्नास मिनिटं. दोनदा तपासली. संध्याकाळी घरी जाऊन म्हणाले, "काढ तिकिटं."

बुधवारी सकाळी ते सवयीने साडेसहाला आले खरे, पण आंघोळ घालायला नाही. बघायला. मुलाला पहिल्यांदा एकट्याला शाळेत पाठवून बाप कोपऱ्यावर उभा राहतो ना, तसे. सहा दहाला वळणावर एक बस कलंडली होती, तेव्हा वरच्या दहाही खुर्च्यांवर एकदम फोन खणखणले होते आणि सर्व्हरनी भराभर नव्या लाइनी लावल्या होत्या. कुणी दगावलं नव्हतं. गाड्या जाऊन पोचल्या होत्या. आता सगळं शांत होतं. सहा चाळीस झाले. काकांचे हात शिवशिवले, पण त्यांनी चहाचा कप घट्ट धरून ठेवला. सहा पंचेचाळीसला रोजच्या तक्त्यावर ‘सर्व ठीक’ लिहून सही केली. समोरच्या पडद्यावर सगळ्या लाइनी हिरव्या दिसत होत्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा या माणसाने कामाच्या जागी पाय लांब करून चहा प्यायला, आणि स्वतःवर खूश झाला.

सहा बावन्नला वर सात नंबरच्या खुर्चीवर एक फोन आला. त्या खुर्चीवर जी बसायची तिला सगळे सात नंबरच म्हणायचे, ती स्वतःसुद्धा. पस्तिशीची, नवरा गेलेला, घरी सासू आणि दोन मुलं, नोकरी कंत्राटावर. फोन करणारा एका कुलूपवाल्याचा धाकटा भाऊ. दुकान उघडता उघडता कुलूपवाला छाती धरून खाली बसला होता. वय सेहेचाळीस. सात नंबरने पत्ता घेतला, टाइप केला, ‘पाठवा’ दाबलं. स्क्रीनवर वाट बघायचं ते छोटं चाक फिरायला लागलं, आणि फिरतच राहिलं.

चार मिनिटं चाळीस सेकंद फिरलं.

त्याच वेळी आणखी तीन खुर्च्यांवर चाकं फिरत होती. त्यातला एक पाय मुरगळल्याचा फोन होता, एक चौकशी, एक चुकून लागलेला. वरून कुणीतरी खाली फोन केला, "काका, अडकलंय!" काकांच्या हातातला चहा सांडला. त्यांनी धडाधड चारही सर्व्हरना आंघोळ घातली. चाकं थांबली, पत्ता गेला, गाडी सुटली. कुलूपवाल्याच्या दुकानाशी ती सात वाजून चार मिनिटांनी पोचली. डॉक्टरने नंतर लिहिलं, की पाच मिनिटं आधी पोचली असती तर बहुतेक वाचला असता. ‘बहुतेक’ हा शब्द डॉक्टरने अधोरेखित केला होता. का केला असेल देव जाणे, माणसांना दुसऱ्याच्या जिवावर रेघा मारायची हौस असते.

मग चौकशी. मोठे साहेब काही वाईट माणूस नव्हते, पण वरून त्यांच्यावर दबाव होता आणि त्यांना लवकरात लवकर एक नाव हवं होतं. यंत्रणेचे कागद मागवले. पडद्याची नोंद हिरवी. तक्त्यावर ‘सर्व ठीक’, सही वायरकाकांची. म्हणजे यंत्रणा चालू होती. आणि नियमाच्या पुस्तकात लिहिलेलं, स्क्रीन चालत नसेल तर तीस सेकंदांत कागदी फॉर्म भरून वायरलेसवर गाडीला पत्ता सांगावा. सात नंबरने फॉर्म भरला नव्हता. कर्तव्यात कसूर. तिला त्याच दिवशी घरी पाठवलं, आठ दिवसांनी सुनावणी. सुनावणीत तिच्यावर ठपका बसला की नोकरी तर जाणारच, वर पोलिसांचं लफडं मागे लागणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

काकांना काय झालं हे अजून कळलं नव्हतं, पण मनात पाल चुकचुकत होती. आपण पन्नास मिनिटं लिहिलीत. फायरवॉल साठला कापते. मग लाइनी मेल्या कशा? बस कलंडली सहा दहाला, लाइनी उघडल्या सहा दहाला. सहा बावन्नला त्या जेमतेम बेचाळीस मिनिटं रिकाम्या होत्या. बेचाळीस! त्या मरायलाच नको होत्या. दोन दिवस ते नोंदी उपसत बसले. शुक्रवारी त्यांनी रस्त्यापलीकडे नेटवर्कवाल्याला फोन लावला.

"तुमची ती फायरवॉल साठ मिनिटांनीच कापते ना?"

"साठ? छे हो काका, ती जुनी. चार महिन्यांपूर्वी नवी बसवली की. ती तिसाला कापते. पत्र धाडलं होतं तुम्हाला."

काकांनी फोन ठेवला. पत्र सापडलं. पाच पानांचं, तिसऱ्या पानाच्या मधोमध एक ओळ. काकांनी पहिलं पान वाचून ‘पाहिले’ असं उत्तरही पाठवलेलं होतं. आंघोळ रोज चालू होती तोवर तीस काय आणि साठ काय, सकाळच्या गर्दीला काहीच फरक पडला नव्हता. ज्या दिवशी त्यांनी आंघोळ थांबवली त्याच दिवशी तो फरक एका माणसाच्या छातीवर जाऊन बसला. सहा चाळीसला नेहमीसारखा नुसता हात पुढे केला असता तरी त्या लाइनी बारा मिनिटांच्या ताज्या असत्या. पण तो हात तर चहाच्या कपावर होता.

वर जाऊन निदान ती खुर्ची तरी बघावी, म्हणून ते जिना चढले. सात नंबरवर बदलीची मुलगी बसली होती. स्क्रीनच्या खालच्या कडेला चिकटपट्टीने एक चिठ्ठी डकवलेली होती, कडा पिवळ्या पडलेल्या. काकांनी वाकून वाचली. ‘चाक फिरत असेल तर वाट पाहा. हात लावू नका.’ अक्षर त्यांचंच. चार वर्षांपूर्वी मुली घाईघाईने सहा-सहा वेळा ‘पाठवा’ दाबायच्या, प्रत्येक दाबण्याला एक लाइन खर्ची पडायची, सगळंच तुंबायचं. तेव्हा काकांनी रागारागाने दहा चिठ्ठ्या लिहून दहा स्क्रीनना डकवल्या होत्या. वर दमही भरला होता, "चाक फिरतंय म्हणजे काम चालू आहे. विश्वास ठेवा जरा." स्क्रीन बंद नव्हती. चाक फिरत होतं. सात नंबरने काकांवर विश्वास ठेवला होता.

"काका, बरं वाटत नाही का?" बदलीच्या मुलीने विचारलं. काकांनी मान हलवली, चिठ्ठी नखाने सोडवली आणि खिशात घातली.

घरी बायको बॅग भरत होती. काका कपडे न बदलताच पलंगाच्या कडेला बसले. तिने एकदा तोंडाकडे बघितलं आणि हातातली साडी खाली ठेवली. "काय झालं? बोला तरी."

त्यांनी सगळं सांगितलं. साठ, तीस, पन्नास, बस, चिठ्ठी. तिला त्यातलं तांत्रिक किती कळलं कुणास ठाऊक, पण मुद्दा बरोबर कळला.

"म्हणजे मी तिकिटं काढायला लावली नसती तर..."

"तुझा काय संबंध? वेडी आहेस का!" काका एकदम ओरडले. त्या घरात ते सहसा ओरडत नसत. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सही मागतायत माझी. ‘यंत्रणेत दोष आढळला नाही’ असं लिहिलेल्या कागदावर. केली की सुटलो. सात महिन्यांनी हार, नारळ, घरी."

"आणि ती पोरगी?"

काका बॅगेची चेन उघडझाप करायला लागले.

"तिची धाकटी पहिलीत आहे," बायको म्हणाली. "मागच्या स्नेहसंमेलनात माझ्याच मांडीवर झोपली होती ती." आणि उठून स्वयंपाकघरात गेली. तिने करा म्हटलं नाही, नका म्हटलं नाही. भांडी मात्र त्या दिवशी फार आपटली.

काकांनी ते चार-पाच दिवस कसे काढले ते विचारू नका. कधी वाटे, सांगून टाकावं. लगेच वाटे, सांगून कुलूपवाला परत येणार आहे का? मेला तो मेला. मग स्वतःचीच किळस यायची. आणि रोज सकाळी सहा चाळीसला मात्र ते सर्व्हरपुढे बसून आंघोळ घालत होते, अपराध्यासारखे, एकेक. शेवटी सुनावणीच्या आदल्या दिवशी मोठ्या साहेबांनी खोलीत बोलावून कागद पुढे सरकवला.

"सही करा काका. औपचारिकता आहे."

"साहेब, दोष होता."

साहेबांनी चष्मा काढला. "काय म्हणालात?"

काकांनी सांगायला सुरुवात केली आणि मग थांबलेच नाहीत. नऊ वर्षांची आंघोळ, न लिहिलेली. मंगळवारची ओळ, कुणाला न विचारता घातलेली. न वाचलेलं तिसरं पान. ‘सर्व ठीक’वरची सही. शेवटी खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. "तिने माझं ऐकलं, साहेब. हे तिचं चुकलं."

साहेबांनी चिठ्ठी उचलून वाचली. मग हळू आवाजात म्हणाले, "अहो, तुम्हाला कळतंय का काय बोलताय? पडद्यावर सगळं हिरवं आहे. कुणी विचारलंही नव्हतं तुम्हाला. कशाला आ बैल मुझे मार करताय?"

"तो हिरवा पडदाच खोटा बोलतो, साहेब. लाइन मेली हे त्याला कळतच नाही. मलाही कळलं नाही. मग तिला कुठून कळणार?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. पण चिठ्ठी त्यांनी फाडली नाही, फाइलला लावली. एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पुढचं सगळं भराभर झालं. सात नंबरवरचा ठपका निघाला, ती कामावर परत आली. कागदावर ‘तांत्रिक कारण’ आलं आणि त्याखाली काकांचं खरं नाव. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच कुणी मोठ्याने वाचलं. त्यांना सर्व्हरच्या खोलीतून काढून मागच्या बाजूच्या स्टोअरमधे बसवलं. फोन, हेडसेट, वायरींची भेंडोळी द्यायची-घ्यायची. त्यांच्या जागी आलेल्या इंजिनिअरने सर्व्हरना सांगितलं, वीस मिनिटांत लाइन सोडा, आणि कुठलीही जुनी लाइन उचलताना पहिल्यांदा एक हाक मारून बघा, पलीकडून ओ आली तरच पत्ता घाला. दुपारभराचं काम. आंघोळ बंद झाली ती कायमची. बायको बहिणीकडे एकटीच जाऊन आली.

स्टोअरमधे स्वेटर लागत नव्हता, पण काका तो घालूनच बसायचे. त्यांना एकाच गोष्टीची आस होती, आणि ती होती याची त्यांना लाजही वाटत होती. सात नंबरने एकदा यावं. शिव्या द्याव्यात, हवं तर थोबाडीत द्यावी, पण यावं. आणि मनाच्या अगदी तळाशी असंही, की तिने म्हणावं, काका, तुम्ही होतात म्हणून वाचले. माणूस किती हलकट असतो बघा, आपणच लावलेल्या आगीतून बाहेर काढल्याबद्दल आभार हवे असतात त्याला.

तीन आठवड्यांनी ती आली. दुपारची पाळी सुरू व्हायला पंधरा मिनिटं होती. हातात तुटलेला हेडसेट.

"नवा हवाय काका. याचं एका कानाचं गेलंय."

काकांनी खोक्यातून नवा काढला, वहीत नोंद केली, तिची सही घेतली. वहीवरची मान वर न करता म्हणाले, "चूक माझी होती. तुझी काडीचीही नव्हती. हे मी तुला तोंडाने सांगितलं नव्हतं, म्हणून सांगतो."

"माहीत आहे, काका. सगळे सांगतात. सासूबाईसुद्धा रोज सांगतात."

"मग तोंड असं का उतरलंय? झोपतेस ना नीट?"

ती हेडसेटची वायर बोटाला गुंडाळत उभी राहिली. जाईना. मग म्हणाली, "आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. ‘पाठवा’ दाबलं की लगेच सांगायचं, गाडी निघालीय. म्हणजे माणूस धीर धरतो, उगाच धावपळ करत नाही. मी दाबलं आणि म्हटलं, निघालीय."

"ते सगळ्याच म्हणतात की."

"त्याचा भाऊ म्हणाला, ताई, शेजाऱ्याची मोटार दारातच उभी आहे. हॉस्पिटल सहा मिनिटांवर आहे. उचलून घालू का दादाला तिच्यात? मी म्हटलं, नको, हलवू नका, गाडी निघालीय." तिने वायर बोटावरून सोडली. "परत विचारलं त्याने. परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी जरा चिडूनच बोलले, काका. म्हटलं, अहो, सांगतेय ना निघालीय म्हणून!"

काकांचा पेन वहीवर तसाच राहिला.

"चौकशीत फोनचं रेकॉर्डिंग पत्त्याच्या पुढे कुणी ऐकलंच नाही. वेळेचे आकडे मिळाले, त्यांचं काम झालं. मीही सांगितलं नाही. तुम्ही सगळं अंगावर घेतलंत आणि मी गप्प बसले."

"अगं, पण तुला कुठे माहीत होतं..."

"मला नव्हतं माहीत. पण ‘निघालीय’ मी म्हटलं होतं. तुमच्या सर्व्हरने नाही."

बाहेर दुपारची पाळी आत जायला लागली होती. पायांचे आवाज जिन्यावर चढत गेले. काकांना काहीतरी बोलायचं होतं, शहाणपणाचं नाही, नुसतंच काहीतरी. शेवटी त्यांनी विचारलं, "मग आता? आता काय सांगतेस तू लोकांना?"

"काहीच नाही. ड्रायव्हर स्वतः ‘निघालो’ म्हणेपर्यंत तोंड उघडत नाही. पलीकडून ओरडतात, रडतात, ताई काहीतरी बोला म्हणतात." तिने हेडसेट गळ्यात अडकवला. "नुसतं ऐकत बसते."